मीटर तिसऱ्यांदा लावायचा राहिला

ताई, फॉल्ट सापडला.

हे तुला सांगायला मी सकाळपासून तोंड उघडतेय आणि मिटतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुठे होता ते बोल, कीर्तन नको लावूस." बोलते. पण माझ्या पद्धतीने बोलणार. तुझ्या पद्धतीने मी जन्मभर ऐकलंय, आज तू ऐक. तसंही आता तुला दुसरं काम काय आहे.

दाराच्या वरचा आपला तो ट्रिप स्विच. घरात कुठेही करंट गळायला लागला की तो खाली पडणार आणि अख्खं घर बंद. त्याचं कामच ते. गेल्या पावसाळ्यात त्याला वेड लागलं. आधी महिन्यातून कधीतरी पडायचा, मग आठवड्यातून, मग लहर येईल तेव्हा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "पडला गं." तू आतून म्हणायचीस, "कळलं गं, आंधळी नाहीये मी." मग मी स्टूल घेऊन जायची, खटका वर करायची, पंखा फिरायला लागायचा, आणि आपण आपापल्या कामाला. तेव्हा ती गंमतच होती. गोरेगावात इतकी वर्षं काढलेल्या बिल्डिंगला एवढी खोकल्याची उबळ चालायचीच, असं तू म्हणायचीस.

खोकल्याचं तू बोलायला नको होतंस.

आरेच्या त्या चढावर तू पहिल्यांदा थांबलीस ते मला आठवतंय. रविवारी सकाळी आपण नेहमीप्रमाणे फिरायला गेलो होतो. तू मध्येच उभी राहिलीस, वाकलीस आणि म्हणालीस, "थांब, बुटाची नाडी सुटलीय." तुझ्या पायात चपला होत्या. एक म्हैस रस्ता ओलांडून गेली, तिच्याकडे बघत आपण दोघी उभ्या होतो. त्यानंतर तुझ्या फुप्फुसांचं निघालं. ती कडक होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि ट्रिप पडण्यातली गंमत त्या दिवशी संपली.

कारण तो पडला की मशीन बंद. शिट्टी वाजवत बंद व्हायचं ते. कोपऱ्यात सिलेंडर होता, पण तो लावायला गेले की घाईत माझ्याकडून नळी बसायची नाही. तू पलंगाची कड धरून बसायचीस आणि एक बोट वर करायचीस. घाई नको, आधी खटका वर कर. बोलायला श्वास नव्हता, तरी सूचना देणं सोडलं नाहीस. साहेबीण कुठली.

आणि मग तू मीटर काढलास.

फॅक्टरीतून रिटायर होताना बायका घड्याळ नाहीतर साडी घेतात. तू तुझ्या टेबलावरचा पिवळा मल्टिमीटर मागून घेतलास. अंधेरीच्या त्या फॅक्टरीत टेस्टिंगच्या टेबलावर तुझी सगळी नोकरी गेली, आणि घरी येताना तू टेबलच उचलून आणल्यासारखं केलंस. गणपतीच्या आधी अख्खी बिल्डिंग लाइटच्या माळा घेऊन आपल्या दारात. प्रधानकाकू, त्यांची सून, वरच्या मजल्यावरचे गुजराती. तू जिन्यात पाट टाकून बसायचीस, लाल काळ्या दोन वायरींची टोकं लावत जायचीस, आणि एखादी माळ बाजूला फेकून म्हणायचीस, "हिची वाट लागलीय, नवीन आणा." मला त्या गर्दीचा वैताग यायचा. चहा मी करायचे ना. आता यंदाच्या गणपतीत कोणी येणार नाही म्हणून बरं वाटायला हवं.

नाकात नळी, मागे मशीनपर्यंत तिचं लांब वेटोळं, आणि तू प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून भिंतीतल्या वायरिंगमध्ये फॉल्ट शोधतेयस. विनयने हे बघून कपाळाला हात लावला होता. आपला चुलतभाऊ पार्ल्याहून येतो तो सल्ले घेऊनच येतो. "ताई, वायरमन बोलावू की. तू आराम कर." तू म्हणालीस, "आराम पुढे भरपूर आहे." मी तुझ्यावर चिडले. असं बोलायची काही गरज होती का?

मी तुझी हमाल होते. प्लग काढ, प्लग लाव, टॉर्च धर, सरळ धर, माझ्या डोळ्यात नाही गं, भोकात मार. त्यातच तू मला तो नियम शिकवलास. खरं तर लहानपणापासून शिकवत होतीस, पण ऐकावं लागलं ते तेव्हा.

बेडरूमचा प्लग बंद वाटत होता. मी मीटर लावला, आकडा शून्य. मी म्हटलं, "डेड आहे."

"कशावरून?"

"शून्य दाखवतोय ना."

"आधी किचनच्या प्लगला लाव. तिथे फ्रिज चालू आहे, म्हणजे करंट आहेच. लाव."

लावला. दोनशे तीसच्या आसपास आकडा आला.

"आता बेडरूमला."

शून्य.

"आता परत किचनला जा."

"परत कशाला? आत्ताच तर बघितलं."

तू दम खायला थांबलीस. मग म्हणालीस, "मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर? सेल संपला, वायर तुटली, काहीही. मग तो जिवंत वायरीवर पण शून्यच दाखवणार. तू त्याच्यावर भरवसा ठेवून हात घालणार आणि चिकटणार. नंदू, शून्य खरं की खोटं ते तिसऱ्यांदा लावल्याशिवाय कळत नाही. आणि तिसऱ्यांदा कोणी लावत नाही. सगळ्यांना घाई असते."

मी पाय आपटत किचनमध्ये गेले आणि लावला. आकडा आला. तू म्हणालीस, "हां. आता बेडरूमचा प्लग डेड आहे."

आणि दुसरं तुझं पेटंट वाक्य. मीटरवर जे दिसतंय ते वाच, तुला जे हवंय ते नको वाचूस. हे तू वायरिंगबद्दल बोलत होतीस की माझ्याबद्दल, ते मला नेहमीच कळायचं. कळत नसल्याचं दाखवायचे, एवढंच.

तू घरातली एक एक वस्तू कटवत गेलीस. एक प्लग काढून ठेवायचा, काही दिवस वाट बघायची. तरी ट्रिप पडला तर ती वस्तू निर्दोष. गीझर सुटला. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन सुटलं. टीव्ही आठवडाभर बंद ठेवून माझ्या सिरियलचा सत्यानाश केलास, तोही सुटला. दाराची बेलसुद्धा सुटली. मशीन आणि फ्रिज बंद ठेवता येत नव्हते, ते तू वेगळे तपासलेस. मग एका दुपारी सिलेंडर लावून, मेन स्विच बंद करून, भिंतीतल्या वायरींना मीटर लावून तू म्हणालीस, "हॉलच्या लाइनीत गळतंय. वस्तू सगळ्या झाल्या, म्हणजे भिंतीतच आहे. भिंत फोडायला लागेल."

"धूळ उडेल," मी म्हटलं. "तुला चालायची नाही. तू बरी झालीस की फोडू."

"बरी झाल्यावर म्हणजे कधी?"

"दिवाळीनंतर बघू ना."

तू माझ्याकडे बघितलंस. फॅक्टरीत नवीन मुलगी चुकीचा आकडा सांगायची तेव्हा तू तिच्याकडे असंच बघत असणार. "रिपोर्ट वाचलास ना?"

"वाचला."

"मग?"

"मग काय मग. चहा टाकतेय मी. घेणार आहेस का?"

तू चहा घेतलास. पण कप खाली ठेवताना म्हणालीस, "मी असेपर्यंत हा सापडायला हवा गं. नंतर तू एकटी असशील. ओल्या हाताने कशाला तरी हात लावशील आणि नेमका त्या दिवशी ट्रिप नाही पडला तर? बघायला कोण आहे तुला?"

"तू कुठे निघालीयस?"

"बोरिवलीला."

आपण दोघी हसलो. तुला हसताना खोकला आला, मी पाठ चोळली, आणि विषय तिथेच राहिला. मला वाटलं होतं की परत निघेल. मी तयारीही करून ठेवली होती. तू परत म्हणालीस की मी म्हणणार होते, बरं बाई, वाचला रिपोर्ट, कळलं मला, आता काय करायचं ते सांग. तू परत म्हणालीच नाहीस. माझ्यावर दया केलीस वाटतं. तू आणि दया. मला ती नको होती.

त्या सकाळी ट्रिप पडलेला नव्हता. हे मी विनयला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, प्रधानकाकूंना दोनदा सांगितलं. मशीन चालू होतं, त्याची घरघर येत होती, पंखा फिरत होता. मी चहा घेऊन आत आले आणि तू कुशीवर होतीस. हाक मारली. हात लावला. हात गार होता, पण तुझे हात नेहमीच गार असायचे, त्या बोटाला लावायच्या चिमट्यालाही ते लवकर सापडायचे नाहीत. मी तो ऑक्सिमीटर घेतला. आणि ताई, मी काय केलं माहितेय? आधी माझ्या बोटाला लावला. आकडा आला, सत्त्याण्णव. मग तुझ्या बोटाला लावला. नुसत्या आडव्या रेषा. तुझं बोट चोळून ऊन केलं, परत लावला. रेषाच.

आता परत माझ्या बोटाला लावायला हवा होता. तूच शिकवलेलं. मी तो मिटला आणि टीपॉयच्या खणात टाकला, आणि विनयला फोन केला. डॉक्टर आले, त्यांनी त्यांचं जे काय असतं ते केलं, कागदावर लिहिलं. मी ते सगळं बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की तिसऱ्यांदा लावलेला नाही. मधल्या वेळात त्याचा सेल गेला असेल. मला वेड लागलं नव्हतं. स्मशानात मीही आले होते, सगळं बघितलं. तरीसुद्धा.

त्या दिवशी दुपारी प्रधानकाकू आल्या आणि म्हणाल्या, "नंदा, देव झाकून ठेव. सुतकात पूजा नाही करायची. आणि तो दिवाही काढ, तुझ्या बहिणीपाशी तेलाचा लाव वेगळा." त्यांनीच हॉलमधल्या देवघरावर पांढरं फडकं टाकलं. दिवा मी काढला. ती आईची पितळी समई, वातीच्या जागी छोटा बल्ब बसवलेली. आईने ती हौसेने आणली आणि तेव्हापासून ती रात्रंदिवस चालू. आई जाताना आपल्याला काय म्हणाली होती आठवतंय ना? "देवाकडचो दिवो इजाक देव नकात." म्हणून आपण तो कधी विझू दिला नाही. समईचा प्लग देवघराच्या मागे, इतका आत की तिथे हात घालताना मनगट खरचटलं. कधी कुणी काढलाच नव्हता तो.

सुतकाचे दिवस गेले. माणसं आली, गेली. मशीनवाला मशीन घेऊन गेला. आणि ट्रिप पडला नाही. एकदाही नाही. घरात इतकी ये-जा, इतके पंखे, इतका चहा, गीझर दिवसभर, तरी नाही. मी संध्याकाळी दाराकडे बघत बसायचे. पडू दे, असं वाटायचं. तो पडला असता तर निदान मला उठून काहीतरी करता आलं असतं. मी विनयला म्हटलं, मशीनमध्येच असणार फॉल्ट, ते गेलं आणि थांबला. तो म्हणाला, "पण तुमचा ट्रिप मशीन यायच्या आधीपासून पडत होता ना?" कधी नव्हे ते बरोबर बोलला.

तेरावं काल झालं. आज सकाळी देवघरावरचं फडकं काढलं, देवांना आंघोळ घातली, पुसून जागेवर ठेवले, आणि मागे हात घालून समईचा प्लग लावला. बटण दाबलं.

खट. अख्खं घर बंद.

आणि माझ्या तोंडून गेलं, "पडला गं."

मग मीटर आणला. तुझ्या स्टुलावर बसले. समईचा प्लग काढला, मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली. पीं वाजलं, म्हणजे मीटर ठीक. मग एक टोक प्लगच्या जाड्या, अर्थिंगच्या पिनेला, दुसरं करंटच्या बारक्या पिनेला. त्या दोघींचा काही संबंध असता कामा नये, तू कितीदा सांगितलंस. आकडा आला. हलला, वरखाली झाला, पण आला. मग परत दोन टोकं एकमेकांना टेकवली. पीं. तिसऱ्यांदाही लावला बघ. आकडा खरा होता.

देवघर पुढे ओढलं. वायर संगमरवरी फरशीच्या खालून गेली होती. तिथे तिचं कव्हर तडकून आतलं तांबं हिरवं पडलेलं. आणि ओलं. रोज मी देवांना आंघोळ घालते, ते पाणी झिरपून झिरपून तिथे जात होतं. कधी लवकर पोचायचं, कधी उशिरा, म्हणून त्याला वेळकाळ नव्हता.

तू सगळं काढून बघितलंस ताई. बेलसुद्धा काढलीस. हा एक प्लग काढला नाहीस. देवासमोर मी तुला कधी हात जोडताना पाहिलं नाही. मला चिडवायचीस, "वीज कंपनीने विझवला तर देवाला चालतो, ट्रिपने विझवला तर चालतो, आपण विझवला की कोप." एवढं बोलायचीस आणि त्याच दिव्याच्या समोर स्टूल टाकून भिंत तपासायचीस. तुला सुचलं नाही असं मी मानणार नाही. तुला सुचलं असणार आणि तू आईचा दिवा म्हणून हात मागे घेतला असणार. किंवा खरंच सुचलं नसेल. मलाही नाही सुचलं. तो दिवा वस्तूंमध्ये आपण धरलाच नव्हता. विचारायला तू हवी होतीस. मी तुला सोडलं नसतं. वर्षभर ऐकवलं असतं, टेस्टिंगवालीला घरातला दिवा दिसला नाही म्हणून.

आता मला जे छळतंय ते हे. तू गेलीस म्हणून सुतक आलं. सुतक आलं म्हणून दिवा काढला. दिवा काढला म्हणून फॉल्ट कळला. तू असेपर्यंत तो सापडायला हवा होता, आणि तू असेपर्यंत तो सापडणारच नव्हता. भिंत फोडली असती तरी नाही. मी कितीही बाजूने बघितलं तरी यातून दुसरा रस्ता निघत नाही.

विनयला फोन केला. तो म्हणाला, "वा, झकास, आता काळजी मिटली. नवीन समई घेऊन येतो मी." मी नको म्हटलं. ही वायर कापून मी बाजूला ठेवलीय. घर आता ठणठणीत आहे. ओल्या हाताने मी कशालाही हात लावू शकते. तुला हवं होतं तसं झालं, त्याबद्दल मी तुझे आभार मानायला हवेत, आणि मानतेही. मीटर कसा धरायचा, टॉर्च कुठे मारायचा, आकडा कसा वाचायचा, हे सगळं तू श्वास पुरत नसताना मला शिकवलंस, ते कशासाठी ते मला कळत होतं. पण सुरक्षित घरात मी एकटीने करायचं काय, ते नाही शिकवलंस. त्याचा तुला तरी पत्ता होता का?

मीटर पिशवीत ठेवायला टीपॉयचा खण उघडला. आत तो चिमटा होता. मी मिटून टाकला तसाच.

मी खण बंद केला. चहा टाकला, प्यायले, कप विसळला. देवघर परत भिंतीला लावलं. परत येऊन खण उघडला. तू समोर असल्यासारखं वाटत होतं, तसंच बघत, म्हणत, जा ना किचनमध्ये, लाव परत, कंटाळा कसला. मी म्हटलं, कंटाळा नाहीये गं. राहू दे ना एवढं एक. सगळं तर तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं.

मग लावला. माझ्या बोटाला.

थोडा वेळ काहीच नाही आलं. त्या तेवढ्या वेळात, ताई, मला इतकं बरं वाटलं.

मग आकडा आला. सत्त्याण्णव.